गळती

परळच्या तळघरात बसवलंय मला,
शिशाच्या जाड दारामागे.
नूतन सिस्टर सांगून गेली:
काका, तासभर बोलायचं नाही, हलायचं नाही,
सुपारीसुद्धा चघळायची नाही.
जो स्नायू राबेल तिकडे साखर पळेल
आणि फोटो खोटं बोलेल.
बाई, म्हटलं, गप्प बसायचीच नोकरी केली मी,
एकतीस वर्षं.

पाणीखातं, रात्रपाळी.
भोईवाड्यापासून शिवडी नाक्यापर्यंत
डांबरावर सळई टेकवायची,
वरच्या टोकाला कान.
कुत्री दमली की ऐकू यायचं खालचं पाणी:
धड नळातून जाणारं, त्याला आवाजच नसायचा म्हणा,
आणि जोडातून निसटणारं,
दातांतून हवा सोडावी तसं.
तिथे खडूने फुली.
सकाळी बिगारी फुलीवर खणायचे.
फुली चुकली तर रस्ताभर खड्डे
आणि पाणी तिसरीकडेच.

पहिल्या वर्षी मला असंच खणलं.
सगळ्यांना देतात ते औषध, सगळ्यांना देतात तेवढं.
केस गेले, नखं काळी पडली,
चहाला पत्र्याची चव आली.
गाठी जिथल्या तिथे.
दोष कुणाला देऊ?
फुलीच नव्हती कुणाकडे.

मग कुट्टी डॉक्टरीणबाईंनी दोन फोटो शेजारी लावले.
एक साखरेचा. अधाशी पेशी उजळते त्यात.
दुसरा चावीचा.
‘पेशीच्या अंगावर कुलपं असतात, आंब्रे.
आम्ही बारीक चावी सोडतो, तिला दिवा बांधून.
जिथे कुलूप, तिथे दिवा.’
मला हसू फुटलं.
व्हॉल्वची हातभर लोखंडी चावी
उशाशी घेऊन झोपलेला माणूस मी,
चाळीत पोरं चावीवालाच म्हणायची.

यकृतात सात दिवे, कण्यात एक,
आतड्याच्या वळणावर मूळ दिवा, सगळ्यांत मंद.
मी मोजले. त्यांनी परत मोजले.
‘आता याच चावीला दिव्याऐवजी निखारा बांधू.
कुलपापाशी जाईल, तिथेच जळेल.’
म्हणजे शेजारच्या बिल्डिंगचं पाणी न तोडता
एकच जोड दुरुस्त करायचा.
ते काम मला कळतं.

पण त्यांचं बोट थांबलं होतं
यकृताच्या उजव्या कोपऱ्यावर.
साखरेच्या फोटोत तिथे उजेड,
चावीच्या फोटोत काळोख.
कुलूपच गळून पडलेलं.
‘याला निखारा सापडणार नाही.
याचा विचार वेगळा करावा लागेल.’
काळाचौकीला अशी एक गळती होती.
चौदा रात्री सळई लावली, हूं की चूं नाही.
पाणी मुकाट उतरत होतं कुठल्यातरी जुन्या गटारात.
कशी सापडली?
नाही सापडली. मी निवृत्त झालो.

निखारे दोन झाले. सात दिव्यांतले चार विझत आलेत म्हणे.
आजची साखर त्या कोपऱ्यासाठी.
वाढला असेल तर त्याला दुसरं औषध,
त्याच्या मापाचं.
नसेल तर वाट बघायची.
गुरुवारी कळेल.

घरी रंजूला सातवा महिना.
आज रात्रीपर्यंत मी गॅलरीत, ती आतल्या खोलीत.
मागच्या वेळी मधल्या दारातून ओरडली होती,
‘बाबा, अजून उजळताय का?’
दर दोन तासांनी निम्मा, मी ओरडलो,
निम्म्याचा निम्मा.
तिने चहाचा कप उंबऱ्यावर ठेवला
आणि मागे सरकली, पोटावर हात धरून.
चहा चहासारखा लागला.

दार सरकतं. ‘चला काका,
आधी लघवी करून या.’
उठतो. गुडघे वाजतात.
भिंतीपलीकडे कुठेतरी नळ ठिबकतोय,
वॉशर गेलाय त्याचा.
कुणाला तरी सांगायला हवं.